धाकटीची उंची

थोरलीचे कपडे धाकटीला, हा नियम आमच्या घरीही होता. फक्त आमच्याकडे मध्ये कात्री यायची. मी बहिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण आम्हाला शेजारी उभं केलं की लोकांना सहा-सात वर्षांचं अंतर वाटे. माझा शाळेचा निळा स्कर्ट तिच्या पोटऱ्यांच्या खाली लोंबायचा. मग आई जूनच्या आधी एका दुपारी मशीन काढायची आणि तिला समोर स्टुलावर उभी करून तोंडात टाचण्या धरून म्हणायची, "हलू नकोस." कापलेल्या पट्ट्यांची तिने पायपुसणी शिवली. निळी, मग खाकी, मग पुन्हा निळी.

आम्ही पनवेलला एसटी आगाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. बाबा आगारातल्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांचं गाव उरणच्या वाटेवर, खाडीला लागून. घराण्याचं काम मिठागरांतलं. बाबा, काका, आत्या, सगळी माणसं ठेंगणी, रुंद खांद्यांची, चालताना जमिनीला धरून चालणारी. आईचं माहेर नेऱ्याला, डोंगराच्या पायथ्याशी. तिचे वडील इतके उंच की गोठ्यात शिरताना त्यांना वाकावं लागे. आई स्वतः मध्यम होती, तिचा एक भाऊ उंच, एक अगदी बेताचा. तरी पण नातेवाइकांनी आमची वाटणी लवकरच करून टाकली होती. मी आजोबांवर गेले. धाकटी बाबांवर.

मला माझी उंची नको होती. वर्गाच्या फोटोत मला मुलांच्या रांगेत मागे उभं करत. नाटकात मी कायम राजाचा शिपाई. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "हिला मुलगा कुठून आणणार गं तुम्ही?" आणि आई हसून विषय बदलायची. मी पोक काढून चालायला शिकले. बाबांना ते आवडत नसे, पण ते बोलत नसत. एकूणच माझ्याशी ते जरा जपून बोलत. धाकटीला ते सायकलच्या दांडीवर बसवून आगारात न्यायचे, तिच्याशी कुस्ती खेळायचे. मी दहावीत त्यांच्या बरोबरीची झाले आणि अकरावीत त्यांच्याहून उंच. तेव्हापासून फोटो काढायची वेळ आली की ते खुर्ची मागत.

धाकटीला उंची हवी झाली ती एका अनंत चतुर्दशीला. आम्ही वडाळे तळ्यावर विसर्जन बघायला गेलो होतो. गर्दी काठाशी सरकत चालली होती आणि एक पोलीस बाई हातात दोर घेऊन लोकांना मागे सारत होत्या. ओरडत नव्हत्या. नुसतं "मागे व्हा, मुलं आहेत" असं म्हणायच्या आणि माणसं मागे व्हायची. दोराचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी समोर दिसलेल्या माझ्या बहिणीला म्हटलं, "धर गं हे. सोडू नकोस." ती तेव्हा आठवीत असेल. शेवटचा गणपती पाण्यात जाईपर्यंत तिने तो दोर धरून ठेवला. घरी येताना तळहात लाल झाले होते. जेवताना तिने जाहीर केलं, की ती पोलीस होणार.

आम्ही हसलो नाही, कारण ती हसण्यावारी न्यायची मुलगी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून तळ्याला फेऱ्या मारू लागली. बाबांनी वर्कशॉपमधून भंगारातला एक लोखंडी गोळा आणला, तो ती आगाराच्या मागच्या मोकळ्या जागेत फेकायची. बारावीपर्यंत ती अशी पळायला लागली की तिच्याबरोबर पळणारी मुलं चहाचं निमित्त काढून मध्येच थांबत.

बारावीनंतर भरतीची माहिती काढली तेव्हा उंचीची अट समोर आली. बाबांनी स्टीलची टेप आणली, तिला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी धरली आणि मोजलं. मग परत मोजलं. मग टेप गुंडाळून खिशात ठेवत म्हणाले, "थोडी कमी पडते. पुढच्या भरतीपर्यंत वाढेल."

त्या वर्षी अख्खं घर तिची उंची वाढवायच्या मागे लागलं. बाबांनी जिन्याखालच्या पाइपाला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि धाकटी सकाळ-संध्याकाळ तिथे लोंबकळायला लागली. आईने रोज अंडं सुरू केलं, जे आमच्याकडे रविवारीच असायचं. कुणी सांगितलं म्हणून ती उशीशिवाय झोपायची. एक दिवस बाबा डब्याच्या पिशवीत लपवून उंची वाढवायच्या पावडरचा डबा घेऊन आले. आई डब्याकडे बघत राहिली, मग दूध गरम करायला उठली.

याच दिवसांत आत्या, बाबांची आक्का, आली. ती उरणजवळच्या करंज्याहून सुके बोंबील आणि सोडे घेऊन यायची, आणि आली की दाराजवळच बसकण मारायची. धाकटीला पाइपाला लोंबताना तिने जिन्यातच पाहिलं होतं.

"ही काय करते गो?" तिने मला विचारलं. मी सांगितलं.

आत्याने परत जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या घरान कोन उंच हाय? कोन नाय. आज्यानं मीठ वायला, बापानं वायला, आमी वायला. डोक्यावं वझा घेऊन घेऊन मानूस वर कसा वाडंल?"

मी तेव्हा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. म्हटलं, "आत्या, ओझं उचलल्याने तुमची मान दुखेल. पण ते पोरांत नाही उतरत."

"मंग काय उतरतं?" आत्याने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आम्हाला तोपर्यंत वाटाण्याचे प्रयोग शिकवले होते. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, दोघांचा संकर केला की पुढच्या पिढीत काय, त्याच्या पुढच्या पिढीत काय. सगळं कसं चौकटीत बसणारं. पण आमच्या घरातली माणसं त्या चौकटीत बसत नव्हती. आईचे दोन भाऊ एका आईबापाचे आणि एकाचा शर्ट दुसऱ्याला ओव्हरकोट व्हायचा.

उत्तर मिळालं ते त्याच महिन्यात, कॉलेजच्या व्हरांड्यात. आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या, बारीक आवाजाच्या, खडू संपला की मुलांकडे मागणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. सगळ्या मुलींना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि उंचीप्रमाणे उभं राहायला सांगितलं. सारख्या उंचीच्या मुली एकामागे एक. मधल्या जागी मुलींच्या लांबच लांब रांगा झाल्या, दोन्ही टोकांकडे त्या आखूड होत गेल्या. उंच टोकाला मी एकटी उभी होते. दुसऱ्या टोकाला कर्जतहून येणारी एक मुलगी एकटी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

"वाटाण्याची उंची तुम्ही शिकलात ती एका जनुकाची गोष्ट होती," मॅडम म्हणाल्या. "माणसाची तशी नाही. इथे पुष्कळ जनुकं काम करतात, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. कुणी किंचित वाढवतं, कुणी किंचित कमी करतं. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुम्ही. सगळीच वाढवणारी एका माणसात जमणं अवघड, सगळीच कमी करणारी जमणंही अवघड, म्हणून मध्ये गर्दी. रंगाचंही असंच, आणि रक्तदाबाचंही. आणि बेरीज झाली तरी खाणं, आजारपण हे वर असतंच."

मी त्या दिवशी घरी धावत आले असेन. आई बिरड्यासाठी वाल निवडत होती. मी तिच्या पुढ्यातले थोडे वाल घेतले, डब्यातून पांढरी चवळी काढली, दोन वाट्या मांडल्या आणि धाकटीला समोर बसवलं.

"ही आईची वाटी, ही बाबांची. चवळी उंची वाढवणारी, वाल कमी करणारे. आईच्या वाटीत चवळी जास्त आहे, बाबांच्या वाटीत वाल. पण दोन्हींत दोन्ही आहेत. आता डोळे मिट आणि दोन्हींतून एकेक मूठ काढ."

तिने काढली. हातात वाल आणि चवळी जवळजवळ सारखे आले. दाणे परत टाकून तिने पुन्हा काढली. पुन्हा तसंच, थोडं इकडेतिकडे. बऱ्याच खेपांनंतर एकदा मुठीत जवळजवळ सगळी चवळीच निघाली.

"ही तू," ती म्हणाली.

मग एकदा बरेचसे वाल आले. ते तिने तळहातावर पसरून बघितले. "आणि ही मी. म्हणजे कुणी दिलंही नाही आणि कुणी काढूनही घेतलं नाही?"

"नाही."

"मग पाइपाला लोंबून काय होणार?"

मी तिला खोटं सांगू शकले नाही. "तुझं वाढायचं वय संपत आलंय," मी म्हटलं. "फार काही होणार नाही."

तिने हातातले दाणे वाटीत टाकले. बोलली आई. तिचे हात परातीत तसेच थांबले होते.

"आजारपणाचं म्हणालीस ना तू? ही चार वर्षांची होती तेव्हा हिला विषमज्वर झाला. कितीतरी दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं. आणि मी तेव्हा नेऱ्याला वडिलांपाशी होते. ते शेवटचे दिवस मोजत होते. मी आले तेव्हा हिची नुसती हाडं राहिली होती." तिने परात बाजूला सारली. "मी इथे असते तर झाली असती ती उंच."

आईने हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, त्याचा वाटा असेलही थोडा. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि पुढे तिने सगळं भरून काढलंच की. तिच्यासारखी पळणारी मुलगी आहे का इथे कुणी?"

बाबा दारात उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे, हाताला ग्रीस तसंच होतं. ते म्हणाले, "तुझा कशाला दोष? ही माझ्या घराण्याची उंची. आक्का बरोबर बोलली. आमच्यात कोण उंच आहे?"

माझ्या तेव्हा एकदम लक्षात आलं, की गेली कित्येक वर्षं ते मला आईकडची समजत होते. त्यांच्या घरात वाढलेली पण त्यांच्याकडून काहीच न घेतलेली. मी बाबांची वाटी त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, यात चवळी दिसते ना? आईचे दाणे निम्मेच येतात. निम्मे तुमचे. नुसत्या आईच्या दाण्यांवर मी एवढी उंच झालेच नसते. तुमच्यात जेवढी चवळी होती, त्यातली पुष्कळशी मी उचलली असणार."

"माझ्याकडून?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडूनच. तुमच्यात ती वालांखाली झाकलेली होती."

बाबांनी ग्रीसच्या हाताने एक चवळी उचलली, बघितली आणि परत ठेवली. मग आंघोळीला गेले. आई म्हणाली, "आता हे सगळे दाणे वेगळे कोण करणार?" आणि मी नि धाकटीने बसून ते वेगळे केले. पण त्या रविवारी बाबांनी मला हाक मारली, "चल, आगारात चक्कर मारून येऊ," आणि वर्कशॉपमधल्या मित्राला सांगितलं, "ही माझी थोरली. उंची आमच्या दोघांची मिळून आहे." मित्राला काही कळलं नाही. मला इतका आनंद झाला, की परत येताना मी ताठ चालत होते.

धाकटी तरीही भरतीला गेली. "घरात बसून आपणच नाही म्हणायचं नाही मला," ती म्हणाली. "त्यांनी मोजू दे." अलिबागला मैदान होतं. बाबा आणि मी बरोबर गेलो. कुंपणाबाहेर आईबाप, भाऊ, मामा असे सगळे उभे होते. आत मुलींची रांग आणि रांगेच्या तोंडाशी, कुंपणाला लागूनच, उंचीची पट्टी.

तिची पाळी आली. मोजणाऱ्या बाई कॉन्स्टेबल होत्या, आमच्या आत्याच्या वयाच्या. त्यांनी पट्टी खाली सरकवली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "उतर. श्वास घे. परत उभी राहा. टाचा टेकव, हनुवटी सरळ." परत बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नखाएवढी कमी पडते बाळा. माझ्या हातात असतं तर..."

"असू दे, मॅडम," धाकटी म्हणाली. "तुम्ही दोनदा बघितलंत."

ती बाहेर येत होती तेव्हा दारावरच्या दुसऱ्या पोलीस बाईंनी मला हटकलं. "अहो, तुमची उंची चांगली आहे की. तुम्ही का नाही आत?"

धाकटी माझ्याजवळ पोचली होती. डोळे भरलेले, पण ती म्हणाली, "तिला झुरळाची भीती वाटते, मॅडम." त्या बाई हसल्या, मी हसले, आणि मग तिथेच कुंपणाला धरून धाकटी रडली. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. परतीच्या एसटीत ती बाबांच्या खांद्यावर मान टाकून झोपली. वडखळला गाडी थांबली तेव्हा उठली आणि म्हणाली, "भूक लागली." आम्ही तिघांनी वडापाव खाल्ले. तिने दोन खाल्ले.

पुढचे काही महिने ती पळाली नाही. पाइपाचं रबर बाबांनी काढून टाकलं. मग तिला द्रोणागिरीला एका गोदामात गेटवर नोकरी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांची नोंद ठेवायची. दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी हुज्जत. ते तिला बरोबर जमायचं. आवाज न चढवता "गाडी मागे घ्या, काका" म्हणायची आणि गाडी मागे जायची. आता ती तिथली अख्खी पाळी सांभाळते.

आणि एका हिवाळ्यात नेऱ्याच्या मामेबहिणीने तिला विचारलं, "मला भरतीचं शिकवशील का?" मामाचं शेत भात कापून मोकळं झालं होतं. तिथे त्या दोघी पळू लागल्या. पुढच्या वर्षी गावातल्या आणखी मुली आल्या, मग शेजारच्या वाड्यांतल्या. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. रविवारी पहिल्या एसटीने ते नेऱ्याला जायचे आणि बांधावर खुर्ची टाकून बसायचे. डोक्याला मफलर, हातात स्टॉपवॉच. मुली त्यांना "आजोबा, किती आलं?" विचारत पळत यायच्या. कुणाला उंचीचं टेन्शन आलं, की ते बसवून समजावत, "हे बघ, ते काय कुणा एकाचं देणं नसतं. पुष्कळ दाणे असतात. माझ्या थोरलीने मला दाखवलंय." मी ते ऐकलं आहे, कडेला बसून, पेरूच्या फोडी खात. त्या सकाळी आठवल्या की वाटतं, तेव्हा ऊन सावकाश यायचं. पेंढ्याचा वास असायचा, मुलींच्या बुटांची धूळ असायची आणि बाबा हाताची खूण करायच्या आधी उगाचच घसा खाकरायचे.

त्यातल्या बऱ्याच मुली आज वर्दीत आहेत. धाकटी पहिल्याच दिवशी प्रत्येकीला मोजते. कमी असेल तर तिथेच सांगते, आणि जिथे उंची बघत नाहीत अशा परीक्षांची नावं सांगते. पळायला मात्र सगळ्यांनाच लावते.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझं लग्न माझ्याहून दोन बोटं कमी उंचीच्या माणसाशी झालं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. माझा मुलगा बाबांसारखा आहे, ठेंगणा, भरदार खांद्यांचा. धाकटीची मुलगी आठवीतच तिच्या डोक्यावरून बघायला लागली. आता ती सतरा वर्षांची आहे आणि तिच्या आईबापांपेक्षा उंच. पोलिसात जाणार का, असं तिला सगळे विचारतात.

"मावशी, मला केक करायला आवडतात," ती मला म्हणाली. "आईला वाईट वाटेल का?"

मी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "तिच्या मुठीत काय आलंय ते तिचं. फक्त सांग तिला, पहाटे उठायला. बेकरीवाल्यांनाही उठावं लागतं."

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. या जानेवारीत आम्ही आईला नेऱ्याला घेऊन गेलो. तिला मुली पळताना बघायच्या होत्या. आई पाठीत वाकली आहे, कधीकाळी मध्यम होती ती आता माझ्या काखेखाली येते. शेताच्या कडेने चालताना मी तिचा दंड धरायला गेले. तिने थोडं अंतर तसं चालून बघितलं आणि माझा हात सोडवला.

"तुझा हात फार वरून येतो गं," ती म्हणाली. "खांदा ओढला जातो." आणि पलीकडून चाललेल्या धाकटीच्या हातात हात घातला. "हिचा बरोबर पडतो."

आईच्या चालीने चालत धाकटी बांधापर्यंत गेली, एका मुलीला ओरडली की टाच आधी टेकव, आणि आईला खुर्चीत बसवलं. मी मागून पाण्याची बाटली आणि डबा घेऊन येत होते. डब्यात भाचीने केलेला केक होता, एका बाजूने जरा करपलेला. पळून आलेल्या मुलींनी तो दोन मिनिटांत संपवला.